वीसपैकी एक

माझी मावशी दात करायची. दातांची डॉक्टर नव्हे. डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, आणि त्यावरून कवळी तयार करणारं माणूस कुठल्या तरी मागच्या खोलीत बसलेलं असतं, ते माणूस म्हणजे मावशी. एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर तिची कामाची खोली होती. खरं तर मालकांची, पण मालक दिवसातून एकदा डोकावून जायचे. खोलीभर प्लास्टरची पांढरी भुकटी, टेबलावर मेणाच्या गुलाबी पट्ट्या, एक छोटा गॅसचा दिवा आणि फळीवर ओळीनं मांडलेले जबडे. लहानपणी मला वाटायचं, ते आपसात बोलतायत. तसं मी म्हटलं की मावशी म्हणायची, "बोलू दे. खरं कोणीच बोलत नाहीये."

संशय हा तिचा स्वभाव होता की धंदा, ते मला अजून कळलेलं नाही. कवळीच्या कामात विश्वास ठेवून चालत नाही. डॉक्टरचं माप थोडं चुकलेलंच असणार, असं धरून सुरुवात करायची. रुग्ण म्हणतो छान बसली, तरी निळा कागद दातांत धरून त्याला चावायला लावायचं आणि ठसे कुठे उठतात ते बघायचं. "माणसं भिडेखातर छान म्हणतात," ती म्हणायची. "कागदाला भीड नसते." घरीही तीच रीत. दारावरची बेल वाजली की आधी कोण, मग कशाला, मग कोणाच्या ओळखीनं. शेजारीण चमचाभर साखर जास्त परत द्यायला आली तरी मावशीच्या मनात पाल चुकचुकायची.

तिचे यजमान, म्हणजे काका, पाणीखात्यात होते. आमच्या बाजूच्या सगळ्या गल्ल्यांचे व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे, हे त्यांचं काम. खांद्यावर लांब लोखंडी चावी घेऊन सकाळी निघाले की प्रत्येक दारातून हाक यायची. कोणीही काहीही सांगितलं तरी ते पहिल्या झटक्यात खरं धरणारा माणूस. मावशी सगळ्यांवर संशय घ्यायची आणि काका कोणावरच नाही, त्यामुळे सरासरीनं ते घर शहाणं होतं.

त्यांना मूलबाळ नव्हतं. मी दोन गल्ल्या सोडून राहायचे आणि एका टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे अर्ज भरून द्यायचे. त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. काही तर माझ्या हातून.

मावशी सत्तेचाळीस वर्षांची होती तेव्हा ते पत्र आलं. युरोपातल्या एका छोट्या शहरातल्या दंतशाळेचं, म्हणजे कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेचं. इंग्रजीत टाइप केलेलं, खाली निळ्या शाईची सही. तुमचं काम आम्ही हातात घेऊन पाहिलं आहे, आमच्याकडे अशा कवळ्या करणारं माणूस उरलेलं नाही, याल का, असा मजकूर. मावशीनं ते माझ्यासमोर ठेवलं आणि पहिलं वाक्य बोलली ते असं:

"पाकीट उघडलेलं होतं."

"मालकांनी चुकून उघडलं असेल."

"चुकून उघडलेलं पाकीट फाटतं. हे वाफेवर धरून सोडवलंय." मग तिनं पत्र उजेडासमोर धरलं. "आणि माझं काम यांनी हातात घेतलं कधी? मी काय टपालानं दात पाठवते?"

कुठेतरी पाणी मुरत होतं, हे तिनं ठरवूनच टाकलं. परदेशात नोकरी म्हणून नेऊन भलत्याच कामाला जुंपलेल्या लोकांच्या बातम्या तिला तोंडपाठ होत्या. मला म्हणाली, त्यांना लिही, बोलायचं असेल तर फोनवर चेहरा दाखवून बोला.

त्यांनी लगेच होकार दिला. ते तिला आणखीनच संशयास्पद वाटलं.

एका दुपारी माझ्या दुकानातल्या संगणकावर तो फोन झाला. पडद्यावर पिकल्या केसांची, चष्मा कपाळावर चढवलेली एक बाई आली. तीच त्या दंतशाळेची मालकीण. ती हसून काहीतरी गोड बोलायला लागली तशी मावशी मला म्हणाली, "तिला सांग, बेसिनखालचा डबा दाखव."

"कुठला डबा?"

"सांग तू."

मी घाबरत घाबरत सांगितलं. त्या बाईनं फोन उचलला, चालत चालत एका बेसिनपाशी गेली आणि खालचं दार उघडलं. आत एक मोठा डबा होता, काठोकाठ पांढऱ्या चिखलानं भरलेला. मावशी पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकली. जिथे कवळ्या होतात तिथे बेसिनखाली असा डबा लागतोच, नाहीतर प्लास्टर नळीत जाऊन घट्ट होतं. नाटक करणारा टेबलं मांडेल, जबडे मांडेल, पण हा डबा मांडायचं त्याला सुचणार नाही. "आणि भरलाय किती," मावशी म्हणाली. "साफ करायचा कंटाळा करतात. म्हणजे खरंच काम आहे."

तरी तिचं काम यांच्या हातात कसं गेलं, हा प्रश्न उरलाच. ती बाई म्हणाली, एक वयस्कर गृहस्थ इथे मुलाकडे आले होते, त्यांची कवळी दुरुस्तीला आली. त्यांचं नाव मात्र सांगता येत नाही, तसा आमच्याकडे नियम आहे. एवढ्यावर दुसरं कोणीही गप्प बसलं असतं. मावशीनं मागच्या नऊ वर्षांच्या नोंदवह्या काढल्या. कोणाचं माप कोणत्या डॉक्टरकडून आलं ते त्यात होतं. डॉक्टरांना फोन करकरून, कोणाची मुलं बाहेर आहेत, कोण मध्यंतरी सहा महिने गावात नव्हतं, असं चाळत चाळत ती तीन आठवड्यांनी एका निवृत्त मुख्याध्यापकांपर्यंत पोचली. मला घेऊन त्यांच्या घरी गेली.

मुख्याध्यापक बिचारे दार उघडून उभे. मावशी म्हणाली, "सर, तुमचे दात बघायचेत."

त्यांनी जरा ओशाळून कवळी काढून तिच्या हातात दिली. मुलाकडे असताना ती धुताना बेसिनमध्ये पडून दुभंगली होती, असं त्यांनी बोळक्या तोंडानं सांगितलं. तिकडच्या बाईनं जोडून दिली, आणि कोणी केली म्हणून दोनदा विचारलं, तेव्हा मावशीचं नाव-पत्ता यांनीच दिला. मावशीनं कवळी खिडकीशी नेली. भेग कुठून गेली असेल ते तिला ठाऊक होतं, मधोमध, समोरच्या दोन दातांच्या मागून. तिथून तिनं नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग डोळे मिटून जिभेसारखा अंगठा फिरवला.

परत येताना ती अंगठा बोटांवर घासत चालली होती. घराच्या कोपऱ्यावर थांबून म्हणाली, "मला सांधा सापडला नाही. असा सांधा घालणारं माणूस दुसरं काहीही असेल, लबाड नसेल."

जायचं ठरलं ते असं, रस्त्याच्या कोपऱ्यावर. काकांना विचारलं तेव्हा ते चहाचा कप खाली न ठेवता म्हणाले, "जाऊया की." इतक्या सहज म्हणाले, की मावशीनं त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. पण ते नेहमीच तसे बोलायचे.

मग कागदपत्रं सुरू झाली, आणि एक गंमत झाली. जन्मभर मावशीनं जगावर संशय घेतला होता, आता जग तिच्यावर घ्यायला लागलं. शाळेत घालताना आजोबांनी तिचं वय एका वर्षानं वाढवून सांगितलं होतं, त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर एक साल आणि जन्माच्या नोंदीत दुसरं. लग्नाच्या दाखल्यावर नावातलं एक अक्षर कमी. प्रत्येक खिडकीतला माणूस कागद वर करून तिच्याकडे बघायचा आणि विचारायचा, ही तुम्हीच कशावरून? शेवटी वकिलाकडून एक प्रतिज्ञापत्र करून घ्यावं लागलं, की ही बाई आणि ती बाई एकच आहे.

मावशीनं ते दोनदा वाचलं आणि वकिलाला विचारलं, "हे तुम्हाला कसं माहीत?"

"तुम्हीच सांगितलंत की," वकील म्हणाला.

"आणि तुम्ही विश्वास ठेवलात?" बाहेर आल्यावर मला म्हणाली, "हा वकील काही कामाचा नाही."

पोलिसांचा दाखला, तब्येतीचा दाखला, कामाच्या अनुभवाचा दाखला. मालकांनी तो शेवटचा द्यायला पाच आठवडे लावले. रोज म्हणायचे, शिक्का सापडत नाही. एक दिवस मावशी त्यांच्या टेबलाच्या तिसऱ्या खणातून शिक्का काढून त्यांच्यासमोर ठेवून उभी राहिली. मालक ओशाळले. म्हणाले, "तुम्ही गेलात की मला हे दुकान बंदच करावं लागेल हो." ते मात्र तिनं खरं धरलं. पाकीट वाफेवर कोणी सोडवलं, हेही तिला तेव्हाच कळलं, पण ती काही बोलली नाही.

सगळ्यात मोठा डोंगर होता भाषेचा. मावशीला व्हिसासाठी तिकडच्या भाषेची पहिली परीक्षा पास व्हायची होती, आणि नवरा म्हणून बरोबर जायचं तर काकांनाही तीच. चार भाग: ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. चारही भागांत वेगवेगळं पास व्हायला हवं.

इथे काकांचा एक गुण अचानक वर आला. बारावीनंतर पुस्तक न उघडलेला हा माणूस ती भाषा पाण्यासारखी प्यायला. व्हॉल्व्हवर उभं राहून, गल्लीचं पाणी भरेपर्यंत कानाला फोन लावून धडे ऐकायचे. घरात त्यांनी प्रत्येक वस्तूवर चिठ्ठ्या डकवल्या: दारावर, कपाटावर, मिठाच्या बरणीवर. त्या भाषेतही आपल्यासारखीच तीन लिंगं आहेत, पण आपला तो दरवाजा तिकडे ती होतो आणि आपली ती खुर्ची तिकडे तो. मावशीला याचा फार राग यायचा. "हे मुद्दाम केलंय," ती म्हणायची. काका हसून पुन्हा समजावायचे. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघं बसायची. ते प्रश्न विचारायचे, ती अडखळत उत्तर द्यायची, ते चूक दुरुस्त करायचे. लग्नाच्या तेवीस वर्षांत मी त्यांना इतका वेळ समोरासमोर बसलेलं पाहिलं नव्हतं.

परीक्षा दोघांनी एकाच दिवशी दिली. निकाल माझ्या ईमेलवर आले. मावशी काठावर पास. काका वाचनात नापास.

मी काकांना फोन केला. ते पलीकडून शांतपणे म्हणाले, "मावशीला फक्त नापास एवढं सांग. तो गुणांचा कागद छापून मला दे, तिला नको दाखवू. उगाच लाजिरवाणं."

मी तसंच केलं. बाप्या माणसाची लाज राखली, असं मला वाटलं.

मावशीला धक्का बसला, पण तिनं त्यांना एका शब्दानं दुखावलं नाही. परीक्षेचं दडपण येतं काहींना, असं म्हणाली. पुढची तारीख अडीच महिन्यांनी होती. दंतशाळेला लिहून तिनं थोडी मुदत मागून घेतली. पण तिला ते काही केल्या पटत नव्हतं. मला दुकानात येऊन विचारायची, "जो माणूस मला शिकवतो तो नापास आणि मी पास, हे कसं?"

"होतं असं, मावशी."

"कुठे होतं? एक उदाहरण दे."

मी समोरचा अर्ज भरायला घेतला.

मग ती काकांवर नजर ठेवायला लागली. खिसे तपासले. फोन वाजला की हात पुसत बाहेर यायची. एक दिवस मला म्हणाली, "तुझ्या काकांची दुपारची पाळी कधीच संपली, तरी ते पाचपर्यंत घरी येत नाहीत." तिच्या मनात काय आलं असेल ते मला कळलं, तिनं उच्चारलं नाही एवढंच. पुढच्या गुरुवारी तिनं अर्धी रजा टाकली आणि त्यांच्या मागे गेली.

काका कुठेही गेले नव्हते. त्याच गल्ल्यांतून हिंडत होते. एका शिंप्याच्या दुकानात बसले, तिथे चहा प्याले. एका म्हातारीचा गळका नळ बघितला. शाळेच्या भिंतीशी एका व्हॉल्व्हचं झाकण उघडून आत डोकावत उभे राहिले, काही काम नसताना, पाच-सात मिनिटं. मग झाकण लावलं, त्यावर पायानं माती ओढली आणि पुढे गेले. मावशी समोरच्या औषधाच्या दुकानात काउंटरआड उभी राहून हे बघत होती. तिला हायसं वाटायला हवं होतं, पण तसं झालं नाही. तिथूनच ती सरळ पाणीखात्याच्या कचेरीत गेली आणि साहेबांना सहज विचारल्यासारखं विचारलं, यांच्या जागी नवीन माणूस नेमला का?

साहेब म्हणाले, "का? ते कुठे निघाले?"

काकांनी राजीनामा दिलाच नव्हता. चार महिन्यांपूर्वी घरी येऊन दिला म्हणून सांगितलं होतं, नवीन माणूस मिळेपर्यंत कामावर जावं लागेल असंही म्हणाले होते. साहेबांनी वहीही उघडून दाखवली. मावशी म्हणाली, माझीच काहीतरी गफलत झाली, आणि निघून आली. घरी तिनं ब्र काढला नाही. दुसऱ्या परीक्षेची वाट बघत राहिली.

दुसरी परीक्षा झाली. काका पुन्हा वाचनात नापास. या वेळी मी त्यांना फोन करायच्या आधीच मावशी दुकानात हजर होती. निकालाची तारीख तिनं लिहून ठेवली होती.

"कागद दे."

"काकांनी..."

"त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत आहे. मागचापण दे."

मी दोन्ही छापून दिले. मला माझीच लाज वाटत होती. मावशीनं चष्मा लावला आणि ते कागद जबड्याच्या मापासारखे शेजारी शेजारी ठेवले. ऐकणं उत्तम. लिहिणं उत्तम. बोलणं तर तिच्या दुप्पट. वाचनात वीस प्रश्न, प्रत्येकाला तीन पर्याय, बरोबर पर्यायावर खूण करायची. पहिल्या वेळी काकांचे दोन बरोबर. दुसऱ्या वेळी एक.

तिनं त्या एकावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "सरावाची प्रश्नपत्रिका आहे ना तुझ्याकडे? दे. आणि पेन दे."

तिनं चष्मा काढला, डोळे मिटले आणि वीस प्रश्नांना चाचपडत वीस खुणा केल्या. "तपास."

मी तपासलं. सात बरोबर आले. तिनं पुन्हा केलं, सहा. मग मला डोळे मिटायला लावलं, मला आठ आले.

"डोळे मिटून सात येतात," मावशी म्हणाली. "डोळे उघडे ठेवून एक यायला अभ्यास लागतो."

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. काकांना एकोणीस उत्तरं येत होती. ती त्यांनी टाळली होती.

रविवारी दुपारी तिनं मला घरी बोलावलं. साक्षीदार हवा, म्हणाली. मला अजिबात जायचं नव्हतं. काका टेबलाशी बसून वर्तमानपत्र वाचत होते. मावशीनं वर्तमानपत्र बाजूला सरकवलं, सरावाची कोरी प्रश्नपत्रिका त्यांच्यासमोर ठेवली, वर पेन ठेवलं.

"सोडवा."

काकांनी प्रश्नपत्रिकेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग माझ्याकडे, आणि मी खाली बघायला लागले. त्यांनी पेन उचललं. दहा-बारा मिनिटांत त्यांनी कागद परत सरकवला. मावशीनं तो माझ्याकडे दिला. वीसच्या वीस बरोबर होते.

"का?" तिनं विचारलं.

काका म्हणाले, "मी नको म्हटलं असतं तर तू गेली नसतीस."

"मग नको म्हणायचं."

"म्हणजे पुढची तीस वर्षं या घरात ते नको बसून राहिलं असतं. जेवायला आपल्याबरोबर, झोपायला आपल्याबरोबर." त्यांनी पेनचं टोपण लावलं. "परीक्षेनं नको म्हटलं तर कोणाचाच दोष नाही."

"दुसरी कोणी आहे?"

"या गुडघ्यांवर?"

मावशी हसली नाही. काकाही नाही. ते म्हणाले, "इथे मी चावी घेऊन निघालो की लोक हाक मारतात. तिकडे मी तुझ्या व्हिसावर लिहिलेला माणूस. सकाळी तू कामाला जाणार आणि मी खिडकीत बसणार. भाषा येते, हो. पण बोलणार कोणाशी, आणि कशाबद्दल? मला भीती वाटली. ती सांगायची लाज वाटली. राजीनामापण..."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही शाळेपाशी झाकण उघडून बघत होतात, त्या दिवसापासून."

काकांचा चेहरा तेव्हा पडला. पकडलं गेल्यापेक्षा, त्या पाच-सात मिनिटांत कोणीतरी आपल्याला बघितलं, हे त्यांना जास्त लागलं असावं.

मग मावशी जे बोलली ते मी तिच्या तोंडून त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, कारण ती त्यांना नेहमी अहो-जाहो करायची. "तू मला शिकवलंस," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी. मला पास करायला शिकवत होतास आणि स्वतः नापास व्हायचं ठरवत होतास. त्यातलं खरं कुठलं होतं, हे मी आता कोणाला विचारू?"

"दोन्ही खरं होतं," काका म्हणाले.

तिनं विश्वास ठेवला की नाही, कळायला मार्ग नव्हता. ती उठली, ओट्यावरचं भांडं घासलं, जागेवर ठेवलं. मग पाठमोरीच म्हणाली, "मी जाणार. तुम्ही यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, आणि तोंडानं सांगा. परीक्षेच्या गळ्यात घालू नका."

पुढच्याच महिन्यात ती गेली. सामान दोन बॅगा, त्यातल्या एकीत तिची स्वतःची कोरायची हत्यारं, कपड्यांत गुंडाळलेली. विमानतळावर काकांनी बॅगा ओढल्या, रांगेपर्यंत आले. दोघं फार काही बोलली नाहीत. ती काचेपलीकडे गेल्यावर काका मला म्हणाले, "मागे वळून बघितलं नाही." मी म्हटलं, "बघितलं, तुम्ही नाक पुसत होतात तेव्हा."

तिकडून तिचे फोन रोज यायचे, पण माझ्या फोनवर. पगाराचा कागद मला पाठवून तपासायला लावायची. घरमालकीण चांगली वागते, म्हणजे तिला काय हवं असेल? दंतशाळेत तिला खिडकीजवळचं टेबल दिलं, ते का? हळूहळू या प्रश्नांची संख्या कमी झाली. ज्या बाईचा सांधा तिला सापडला नव्हता, तिच्याशी तिचं जमलं. दोघी शेजारी बसून तासन् तास न बोलता काम करायच्या. बेसिनखालचा डबा दर शुक्रवारी साफ व्हायला लागला. काकांबद्दल मात्र ती विचारायची नाही. मी आपणहून सांगितलं तर ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "हं."

इकडे काका एकटे. चावी, गल्ल्या, हाका, सगळं होतं तसं होतं. सुरुवातीला ते खुशीतही दिसले. पण सात-आठ महिन्यांनी एकदा दुकानात येऊन बसले. गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "घरी गेलो की कोणी विचारत नाही गं. कुठे होतात, कोण होतं बरोबर, एवढा उशीर का. मी काल मुद्दाम तासभर उशिरा गेलो. कोणालाच काही नाही." त्यांनी टेबलावरची पिना-टाचण्यांची डबी उगाच उघडली, बंद केली. "परीक्षेचा अर्ज भर माझा."

"मावशीला सांगू?"

"सांगू नको. तिला खरं वाटणार नाही. निकाल आल्यावर कागदच पाठव."

तिसऱ्या खेपेला वीसपैकी सतरा आले. मी मावशीला कागद पाठवला. पलीकडून दोन दिवस काहीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला आणि तिनं मला काहीच न विचारता काकांचा नंबर जोडून द्यायला सांगितलं. मी जोडून दिला आणि फोन खाली ठेवला, त्यामुळे काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी राजीनामा दिला. साहेबांची पोच असलेली प्रत त्यांनी आधी माझ्याकडे आणली, फोटो काढून तिला पाठव म्हणाले.

आता तीन वर्षं झाली. काका तिकडे एका रोपवाटिकेत आठवड्यातून चार दिवस जातात. मालक पाय दुखतात म्हणून बसून असतो आणि यांच्याशी दिवसभर गप्पा मारतो. इकडची मंडळी मला रस्त्यात थांबवून विचारतात, कसे आहेत, येणार का परत. मी म्हणते, ठरलेलं नाही. खरंच ठरलेलं नाही.

मागच्या आठवड्यात मावशीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर जरा हळू आवाजात म्हणाली, "तुला काय वाटतं गं, तुझे काका इथे खूश आहेत का?"

"मावशी, ते तुझ्याजवळ आहेत. मी इथे आहे."

"म्हणून तर तुला विचारते. मला ते हो म्हणतात."

मागून काकांचा आवाज आला, "मी इथेच बसलोय."

"माहीत आहे," मावशी म्हणाली, आणि मला म्हणाली, "तू बोल."